मोठ्या चुलीचं सरपण

वडनेर ते हिंगणघाट या पट्ट्यात मला माझ्या नावाने फार थोडे लोक ओळखतात. 'पराटीसायेब' म्हटलं की पानठेल्यावरचा माणूससुद्धा घर दाखवेल. हे काही पद नव्हतं. नेमणुकीच्या कागदावर 'इंधन विभाग प्रमुख' असं भारदस्त छापलं होतं. पण कापूस वेचून झाल्यावर वावरात जी वाळकी झाडं उरतात, त्या पराटीचे भारे घ्यायचे, मोजायचे, रचायचे आणि बॉयलरच्या तोंडात घालायचे, एवढंच काम करणाऱ्या माणसाला गावाने दुसरं काय म्हणावं? आमच्या घरी तीन पिढ्यांचं किराणा दुकान. मी ही नोकरी धरली तेव्हा वडील गल्ल्यावरून न उठता म्हणाले, "शिकूनसवरून काड्या इकत घेऊन राह्यला काय रे? अन् त्याबी जाळ्याले?"

त्याआधी, नव्वदच्या दशकात, मी एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायला होतो. तेव्हा आमच्याकडे वीज यायची ती पाहुण्यासारखी, न सांगता, आणि जायची तीही निरोप न घेता. मग दोन हजार सालानंतर एकदम सगळ्यांना वीज हवीशी झाली. शहरांत थंड हवेची यंत्रं आली, मोठमोठी दुकानं आली, आणि त्या सगळ्यांसाठी चंद्रपूरकडे कोळसा जाळणाऱ्या चिमण्या वाढल्या. चिमण्या वाढल्या तसा जगाला धुराचा त्रास व्हायला लागला. जगाला म्हणजे ज्यांचा धूर आधीच काढून झाला होता त्यांना. मग कोणीतरी म्हणालं की कोळसा नको, शेतातला कचरा जाळून वीज करा. आमचा कारखाना त्या कोणीतरीमुळे उभा राहिला. हमरस्त्यापासून थोडा आत, एक चिमणी, एक बॉयलर आणि डोळ्यांत मावणार नाही एवढं पराटीचं आवार.

शास्त्र थोडक्यात सांगतो, घाबरू नका. पराटी वाढते तेव्हा हवेतला कार्बन पोटात घेते, जाळली की तोच परत देते. पुढल्या वर्षी नवी पराटी तो पुन्हा घेते. म्हणजे बेरीज-वजाबाकी शून्य. कोळशाचं तसं नाही. तो कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत निजलेला, त्याला उठवून जाळला की हवेत नव्याने भर पडते आणि पृथ्वी तापते. तेव्हा आम्ही पराटी जाळून जेवढा कोळसा वाचवू, तेवढ्याचं आम्हाला प्रमाणपत्र मिळणार होतं. ते प्रमाणपत्र परदेशातला एखादा कारखाना विकत घेणार आणि आपला धूर निवांत चालू ठेवणार. उपास आम्ही करायचा आणि पुण्य त्याने घ्यायचं, असा तो व्यवहार. त्यात आमचा उपासही साबुदाण्याच्या खिचडीचाच होता, कारण पावसाळ्यात पराटी भिजली की आम्हीसुद्धा कोळशाचे ट्रक मागवायचो. तेवढा नियमात बसतो, असं आमचे मॅनेजरसाहेब म्हणायचे. साहेब हैद्राबादकडचे, आणि नियमांचं पोट किती मोठं असतं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

माझं खरं काम म्हणजे ओल्याला ओलं म्हणणं. वाळकी पराटी मोडली की कट्ट आवाज येतो, ओली नुसती वाकते. कंपनीने ओलावा मोजायचं यंत्र दिलं होतं, पण मी कानावर चालायचो. वासुदेवराव नावाचे एक शेतकरी होते, ते दर खेपेला गाडीभर भारे पाणी मारून आणायचे. भर मे महिन्यात पराटी ठिबकते आहे.

"हे काय वासुदेवराव?"

"दव पडलं जी."

"मे महिन्यात?"

"आमच्याच वावरात पडते."

एवढ्या शांतपणे सांगायचे की मला एकदा खरंच वाटलं, पडत असेल बुवा. वजन वाढवायला भाऱ्यात दगड घालणारे तर रोजचेच. एकाने घाईघाईत दगड सापडेना म्हणून घरचा वरवंटा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको फाटकात हजर. "सायेब, आमचा वरवंटा तुमच्या बायलरात गेला काय? कालपासून चटनी नाई घरात." आम्ही तीन गंज्या उपसून तो वरवंटा शोधून दिला. नवरा पुढे महिनाभर आमच्या फाटकाकडे फिरकला नाही.

आवारात वीसेक बाया कामाला होत्या. पराटीचे बारीक तुकडे करणारं कुट्टीचं एक मोठं यंत्र होतं, त्याच्या तोंडात त्यांनी दिवसभर भारे सारायचे. त्यांची म्होरकी कौसाबाई. पन्नाशीची, जवळच्याच वस्तीवरची, नवरा गेलेला, जमिनीचा तुकडा नाही, आणि जीभ अशी की मुकादम तिच्याशी बोलताना दोन पावलं मागे उभा राहायचा. पहिल्याच दिवशी यंत्राकडे बघून ती मला म्हणाली, "सायेब, हे तं माह्या सासूपेक्षाई जास्त खाते. अन् सासू तरी मधात पानी पेत होती." मॅनेजरसाहेबांनी बायांना सुरक्षेचे चष्मे दिले तेव्हा तिने तो डोक्यावर चढवून विचारलं, "आता मी सिनेमात जाऊ काय?" मला ती आवडायची. ती खोटं बोलायची नाही. तशी तिला गरजच वाटायची नाही.

प्रमाणपत्रासाठी एक पाहणी करायची होती. फॉर्ममध्ये एक प्रश्न असा होता: हा कारखाना नसता तर या पराटीचं काय झालं असतं? उत्तर कुटुंबप्रमुखाकडून घ्यायचं. कुटुंबप्रमुख आमच्याकडे संध्याकाळी पानठेल्यावर सापडतात. मी तिथेच बसून फॉर्म भरले. सगळ्यांनी एकच सांगितलं, "काय होते? धुऱ्यावर ढीग लावतो न् काडी लावून देतो." मी लिहिलं: शेतातच जाळली जाते, काही उपयोग होत नाही. खाली सही ठोकली.

आता खरं सांगतो. शेताच्या मालकाला पराटीचं काय होतं ते माहीतच नसतं, कारण तो ती उपटत नाही. आमच्याकडे रीत अशी की शेवटची वेचणी झाली की मजूर बायांनी वावर साफ करून द्यायचं आणि त्याच्या बदल्यात पराटी घरी न्यायची. जी उपटेल तिची पराटी. प्रत्येक झोपडीमागे घराएवढी गंजी उभी राहायची आणि पुढल्या वेचणीपर्यंत चूल तिच्यावर चालायची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जे जाळलं जायचं ते बायांनी नेऊन उरलेलं बुडखं आणि पालापाचोळा. कुटुंबप्रमुखाला तेवढंच दिसायचं. मला मात्र सगळं ठाऊक होतं. आमच्या दुकानामागच्या गल्लीत अशा सात-आठ गंज्या लहानपणापासून बघत आलो होतो. फॉर्ममध्ये बाईला विचारायला जागा नव्हती हे खरं, पण मीही ती जागा केली नाही. पानठेला जवळ होता आणि वस्ती लांब होती.

कारखाना सुरू झाल्यावर दोन हंगामांत त्या गंज्या गेल्या. शेतकरी बायांना म्हणायला लागले, हात नका लावू, कंपनीला जाते. रीत मोडली म्हणून कोणी भांडलं नाही, कारण ती कुठे लिहिलेली नव्हती.

मग एक गंमत झाली. आमच्या फाटकाकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक गतिरोधक होता. तो हळूहळू वाढायला लागला. आज बोटभर, उद्या वीतभर. कोण वाढवतंय कळेना. कोळशाचा ट्रक त्यावरून गेला की असा उसळायचा की मागून पसाभर कोळसा सांडायचाच. ड्रायव्हर शिव्या देत पुढे गेला की वस्तीवरच्या बाया पदर खोचून यायच्या आणि रस्ता लख्ख करून जायच्या. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, "बघा, या गावात स्वच्छतेची किती जाण आहे!" मी मान डोलावली. तो कोळसा जुन्या बादलीच्या शेगड्यांतून पेटायचा. म्हणजे कोळसा वाचावा म्हणून मोठी चूल पराटी खात होती, आणि पराटी गेली म्हणून लहान चूल कोळसा खात होती. पृथ्वीने यातून काय बोध घ्यायचा ते तिचं तिने बघावं.

पहिला तपासनीस आला तो चेन्नईचा. नटराजन नाव. अत्यंत सभ्य माणूस, बसताना खुर्चीचीसुद्धा परवानगी घेईल असा. त्यांना हिंदी नाही, मराठी तर नाहीच. मॅनेजरसाहेबांनी मला आदल्या दिवशी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. प्रमाणपत्र मिळालं नाही तर मालक गाशा गुंडाळणार आहेत, हे त्यांनी सांगितलं. "तुम्ही दुभाषी. नीट सांभाळा," म्हणाले. नीट म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नटराजन म्हणाले, घर मी निवडणार. वस्तीत शिरले, आणि ज्या दारापुढे सडारांगोळी सगळ्यांत नेटकी दिसली तिथे थांबले. ते कौसाबाईचं घर. तिची त्या दिवशी सुट्टी होती.

तिने आम्हाला बाजेवर बसवलं आणि चहा टाकला. बादलीच्या शेगडीतून पिवळट धूर निघत होता. नटराजन यांनी फॉर्म काढून तोच प्रश्न विचारला, मी तो मराठीत केला, आणि कौसाबाई शेगडीला वारा घालत बोलायला लागली.

"पयले पराटी आमचीच होती जी. वावर साफ करून देत होतो आमी, न् पराटी घरी आनत होतो. सालभर सरपन पुरे. आता मालक म्हनते, हात नको लावू. तुमच्या मशीनीत मीच घालतो ते दिवसभर, न् घरी येताना चौकीदार पदर झटकाले लावते, की काडी तं नाई नेत. मंग आमी काय हाडं पेटवाव? म्हून हा रस्त्यावरचा कोयसा. याच्यानं छाती भरते, भाकरीले वास येते. माह्या बहिनीनं तं माह्या घरी जेवनंच सोडलं. लिहा म्हना साहेबाले."

ती थांबली. नटराजन यांनी माझ्याकडे बघितलं. पेन तयार होतं.

मी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, आधी सगळी पराटी शेतात जाळत होते. आता प्रकल्प आला, त्या आनंदी आहेत."

नटराजन यांनी लिहून घेतलं. मग शेगडीकडे बोट केलं. हा दगडी कोळसा आहे का? मी म्हणालो, नाही, बाभळीच्या लाकडाचा. तेही त्यांनी लिहून घेतलं. कौसाबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"सायेब," ती म्हणाली, "मी येवढं बोलली, न् तुमी येवढुसंच काऊन सांगतलं?"

नटराजन यांनी विचारलं, काय म्हणतात त्या?

"आणखी चहा घेणार का, असं विचारताहेत."

ते हात जोडून कृतज्ञतेने हो म्हणाले. मी कौसाबाईला म्हणालो, साहेबांना अजून कप दे. ती गोंधळली, पण पाहुणा मागतो म्हटल्यावर तिने उरलेलं दूध ओतलं आणि शेगडीत आणखी दोन ढेकळं टाकली. धूर वाढला. नटराजन खोकले, मी खोकलो, कौसाबाई खोकली, आणि त्या कोळशाच्या वासाचा चहा आम्ही दोघांनी बशीसकट संपवला.

मी हे का केलं? नोकरीसाठी केलं. वीस बायांच्या रोजीसाठी केलं असं मी मॅनेजरसाहेबांना, बायकोला आणि स्वतःला बरीच वर्षं सांगितलं, आणि त्यात तथ्य नाही असंही नाही. पण त्या बाजेवर बसलो असताना मला वीस बाया आठवल्या नव्हत्या. मला माझा पगार आठवला होता.

प्रमाणपत्र मिळालं. पेढे वाटले. कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत कौसाबाईचा डोक्यावर भारा घेतलेला फोटो छापला आणि खाली ग्रामीण स्त्रीच्या प्रगतीबद्दल चार ओळी. मी तिला ती पुस्तिका दाखवली. ती म्हणाली, "फोटोत भारा माह्या घराकडं चालला दिसते. हे चांगलं केलं." आणि हसली. मला हसू आलं नाही.

त्या आठवड्यात मी चौकीदाराला सांगून टाकलं, संध्याकाळी कामावरची प्रत्येक बाई एक भारा घरी नेईल, पदर झटकायचा नाही. नोंदवहीत मी तो माल 'सुकवणीतली घट' म्हणून दाखवायचो. मॅनेजरसाहेबांनी एकदा विचारलं, आपली पराटी इतकी कशी सुकते? मी म्हणालो, "साहेब, वर्ध्याचं ऊन आहे." सगळ्या नोकरीत मला या एका खोटेपणाचा अभिमान आहे. पण कामावर नव्हत्या त्या बायांना भारा मिळत नव्हता. त्यांच्यासाठी गतिरोधक होता, आणि तो वाढतच होता.

वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी आली. या वेळी दिल्लीच्या एक बाई. त्या स्वतःचा दुभाषी घेऊन आल्या, पुण्याची एक चुणचुणीत मुलगी. आणि त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, चौकशीच्या वेळी कारखान्याचा माणूस घरात नको. नटराजन यांच्या अहवालात ज्या घराचं नाव होतं त्याच घरी जायचं होतं. मॅनेजरसाहेबांचा चेहरा उतरला. मला मात्र, आता लिहायला हरकत नाही, आतून बरं वाटलं. होऊ द्या एकदाचं. जे माझ्या तोंडून निघालं नाही ते तिच्या तोंडून निघेल, फार तर माझी नोकरी जाईल. कौसाबाईला मी एका शब्दाने काही पढवलं नाही. वस्तीपर्यंत गेलो आणि तिच्या घरासमोरच्या हापशीपाशी उभा राहिलो. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

पुण्याच्या मुलीने प्रश्न विचारला. फार नीट विचारला, माझ्यापेक्षा कितीतरी नीट. आजी, हा कारखाना नव्हता तेव्हा तुम्ही पराटीचं काय करायचा?

कौसाबाईने दारातून एकदा माझ्याकडे बघितलं.

"पयले ना जी, सारी पराटी वावरातच काडी लावून पेटवत होतो. आमाले काई उपेगच नव्हता तिचा. कंपनी आली, बरं झालं."

मुलीने शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. एकही गाळला नाही.

"आणि चुलीत काय घालता?"

"खाली पडेल काड्या. कंपनी देते. लय चांगले लोक आहेत."

दिल्लीच्या बाईंनी समाधानाने मान हलवली, घराचा एक फोटो काढला, आणि जीप धूळ उडवत निघून गेली. मॅनेजरसाहेबांनी गाडीतूनच मला 'जमलं' म्हणून अंगठा वर करून दाखवला. मी हापशीचा दांडा धरून उभा होतो. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी लाज वाटली, अशी की कान गरम झाले. इतकी वर्षं मी पराटी विकत घेत आलो होतो. रोजच्या एका भाऱ्यात मी या बाईचं तोंडही विकत घेतलं होतं, आणि मला वाटत होतं की मी तिच्यावर उपकार करतो आहे.

कौसाबाई गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन हापशीवर आली. मी दांडा मारायला लागलो. गुंड भरत आली तेव्हा ती म्हणाली, "या टायमाले तुमाले तरास नाई देल्ला, सायेब."

मी आणखी दोनदा दांडा मारला.

"संध्याकाळचा भारा तेवढा चालू ठेवजा," ती म्हणाली, आणि गुंड डोक्यावर घेऊन घरात गेली.